खरी साक्ष

(देशासाठी लढताना ज्यांनी प्राण दिले त्यांची आठवण कशी जपली जाते, आणि त्यांचा मान खोटे बोलून मिळवणाऱ्या तोतयांपासून सावध कसे राहावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, 'शाहिद' आणि 'शहीद' हे दोन शब्द तुम्हांला उर्दूमुळे माहीत आहेत. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. 'शाहिद' म्हणजे साक्षीदार, गवाह. 'शहीद' म्हणजे ज्याने प्राण दिले तो. 'शहादत' या शब्दाला तर दोन्ही अर्थ आहेत. न्यायालयात साक्ष देणे म्हणजे शहादत, आणि प्राण अर्पण करणे म्हणजेही शहादत. जणू प्राण देणाऱ्याने आपल्या मृत्यूनेच साक्ष दिली.

मराठीत अशा वीराला 'हुतात्मा' म्हणतात. 'हुत' म्हणजे यज्ञात अर्पण केलेले. ज्याने स्वतःलाच अर्पण केले, तो हुतात्मा. शब्द वेगळे, पण भाव एकच. सैन्याच्या नोंदवहीत मात्र असे मोठे शब्द नसतात. तेथे क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख अशी साधी नोंद असते. या साध्या नोंदीलाच फार मोठी किंमत आहे. ती का, ते आता पाहू.

दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. एकात एक अशी चार वर्तुळे, अशी त्याची रचना आहे. त्यांना अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी नावे आहेत. मधल्या अमर चक्रात उंच स्तंभ आहे आणि त्याच्या पायाशी अखंड ज्योत तेवत असते. त्याग चक्रातील भिंतींवर ग्रॅनाइटच्या पाट्या बसवल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण देणाऱ्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे त्यांवर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. तेथे मोठा अधिकारी आणि साधा शिपाई यांच्या पाट्यांत फरक नाही. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, बौद्ध सारे एकाच भिंतीवर आहेत.

अशी स्मारके आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पुण्याजवळ खडकीला युद्धात कामी आलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिक तेथे चिरनिद्रा घेत आहेत. मुंबईत मस्जिद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात ज्यांना मरण आले, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे. समुद्रात बुडालेल्या माणसाची कबर कोठे असणार? त्याच्या घरच्यांनी फुले कोठे वाहायची, फातिहा कोठे पढायची? म्हणून त्याचे नाव भिंतीवर लिहावे लागते. ज्याला कबर नाही, त्याचे नाव हीच त्याची कबर.

नाव लिहायचे राहून गेले तर काय होते? पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या साम्राज्यासाठी हिंदुस्थानातील आणि आफ्रिकेतील असंख्य सैनिक मेले. त्यांची स्मारके उभारण्याचे काम ज्या संस्थेकडे होते, तिने २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. गोऱ्या सैनिकांना जसा मान मिळाला तसा या सैनिकांना मिळाला नाही, कित्येकांची नावेसुद्धा कोठे कोरली गेली नाहीत, हे त्या अहवालात मान्य करण्यात आले. शंभर वर्षे उलटून गेल्यावर आता जुने दप्तर चाळून ती नावे शोधावी लागत आहेत. एका बाजूला खऱ्या वीराचे नाव हरवते आणि दुसऱ्या बाजूला एखादा लबाड माणूस न केलेल्या पराक्रमाचे पदक छातीवर लावून फिरतो. हे दोन्ही अन्यायच आहेत. दोन्हींवर औषध एकच, खरी नोंद.

आता शौर्याची नोंद कशी होते ते पाहा. आपल्या देशात युद्धातील सर्वांत मोठे पदक म्हणजे परमवीर चक्र. २६ जानेवारी १९५० रोजी ते सुरू झाले. आजपर्यंत ते फक्त एकवीस वीरांना मिळाले आहे आणि त्यांपैकी चौदा जणांना मरणोत्तर मिळाले आहे. या पदकाचे चित्र एका मराठी घरच्या सुनेने काढले. तिचे नाव सावित्रीबाई खानोलकर. जन्माने ती युरोपीय होती. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी तिचे लग्न झाले आणि ती या देशाची झाली. पदक काशाचे असते. त्यात सोने नाही, हिरे नाहीत. त्याची किंमत धातूत नसून त्यामागच्या सत्यात आहे.

पदक देण्यापूर्वी वीराने नेमके काय केले याची चौकशी होते. मग मानपत्र तयार होते आणि सरकारी राजपत्रात घोषणा होते. हवालदार अब्दुल हमीद यांचे मानपत्र असेच आहे. अब्दुल हमीद उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याच्या धामूपूर गावचे. त्यांचे वडील शिंपीकाम करीत. हमीद ग्रेनेडियर्सच्या चौथ्या पलटणीत होते. १० सप्टेंबर १९६५ रोजी सकाळी पंजाबात खेमकरण भागात चीमा गावापुढे शत्रूचे पॅटन रणगाडे चाल करून आले. तोफांचा भडिमार चालू होता. हमीद यांच्याकडे जीपवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ होती. ते जीप घेऊन बाजूला गेले. त्यांनी पुढचा रणगाडा निकामी केला. लगेच जागा बदलून दुसरा रणगाडा पेटवून दिला. तोवर शत्रूने त्यांना हेरले होते. जीपवर गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. तरीही ते आणखी एका रणगाड्यावर तोफ डागत राहिले आणि तेवढ्यात शत्रूचा गोळा लागून ते कोसळले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. २६ जानेवारी १९६६ रोजी त्यांच्या पत्नी रसूलनबीबी यांनी ते राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून स्वीकारले.

लोक ही हकीकत सांगतात तेव्हा रणगाड्यांचा आकडा बदलत जातो. कोणी चार सांगतो, कोणी सात. सांगणाऱ्यांच्या मनात प्रेम असते, हे खरे. पण मुलांनो, विचार करा. एक माणूस उघड्या जीपवर बसून पोलादी रणगाड्यांसमोर उभा राहतो आणि शेवटच्या क्षणापर्यंत हटत नाही. यात आपण आणखी काय भर घालणार? एवढ्या मोठ्या सत्याला अतिशयोक्तीची गरज नसते. वीराचे नाव घेताना जे नोंदलेले आहे तेच सांगावे. त्यात त्याचाही मान आहे आणि आपलाही.

असाच दुसरा वीर आपल्या रायगड जिल्ह्यातला. नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सारे साथीदार मेले किंवा जखमी झाले. यशवंत एकटेच पुढे धावले. त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली. एका शत्रूला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरायला सवड नव्हती, म्हणून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे.

आता खोट्या साक्षीकडे वळू. अशा माणसासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, 'तोतया'. दुसऱ्याचे नाव किंवा वेष घेऊन लोकांना फसवणारा तो तोतया. या शब्दाबरोबर मराठी माणसाला इतिहासातील एक प्रसंग आठवतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. सेनापती सदाशिवरावभाऊ तेथे कामी आले. त्यांच्या तोफखान्याचे प्रमुख इब्राहिमखान गारदी शत्रूच्या हाती सापडले आणि मारले गेले. हजारो घरांतील माणसे परत आली नाहीत. भाऊसाहेब जिवंत असतील, आज ना उद्या येतील, अशी आशा कित्येकांना वाटत होती. याच आशेचा फायदा एका लबाडाने घेतला. 'मीच भाऊसाहेब' असे तो सांगू लागला. लोक त्याच्यामागे गेले. १७७६ साली त्याने कोकणात मोठे बंड केले. शेवटी पेशव्यांच्या फौजेने ते मोडले आणि त्या तोतयाला देहान्ताची शिक्षा झाली. पण त्यापायी किती माणसे फुकट मेली! ज्या घरांनी आपली माणसे गमावली होती, त्यांच्या दुःखाशी हा खेळ होता.

तोतये आजही आहेत. कोणी लष्करी वर्दी शिवून घेतो, खोटे ओळखपत्र बनवतो आणि गावातल्या तरुणांना सांगतो, "मी मेजर आहे. पैसे द्या, सैन्यात भरती करून देतो." गरीब आईबाप दागिने विकतात, जमीन गहाण टाकतात. कोणी फोनवरून सांगतो, "मी फौजी आहे. माझी बदली झाली आहे. माझी मोटारसायकल स्वस्तात द्यायची आहे. थोडे पैसे आधी पाठवा." सोबत वर्दीतला फोटोही पाठवतो. तो फोटो भलत्याच जवानाचा असतो. लोक वर्दी पाहतात आणि विश्वास ठेवतात. म्हणजे हा चोर पैसे तर चोरतोच, शिवाय खऱ्या जवानाने कमावलेला विश्वासही चोरतो. पुढच्या वेळी एखादा खरा माजी सैनिक दारात आला, तर लोक त्याच्याकडेही संशयाने पाहतात.

आपल्या संविधानाच्या अठराव्या कलमानुसार राज्य कोणालाही किताब देत नाही. अपवाद फक्त दोन, लष्करी सन्मान आणि विद्येचा सन्मान. रावसाहेब, खानबहादूर असे जुने किताब गेले, पण सैनिकाचा मान संविधानाने राखला. म्हणून तो चोरणे कायद्यानेही गुन्हा आहे. पूर्वी इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेत हे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १६८ व्या कलमात म्हटले आहे की, जो सैनिक नाही त्याने, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने तशी वर्दी किंवा चिन्ह वापरले, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तोतयेगिरी करून कोणाला फसवले, तर ३१९ व्या कलमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. येथे 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. शाळेच्या नाटकात तुम्ही जवान झालात तर तो गुन्हा नाही, कारण तेथे फसवण्याचा हेतू नसतो.

हा प्रश्न फक्त आपल्याच देशात नाही. अमेरिकेत २००७ साली पाणीपुरवठा मंडळाच्या एका निवडून आलेल्या सदस्याने सभेत सांगितले की, मी पंचवीस वर्षे मरीन सैनिक होतो आणि मला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आहे. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. तेथील कायद्याप्रमाणे खटला झाला. पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. नुसते खोटे बोलणे निंद्य आहे, पण तेवढ्यासाठी शिक्षा देता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. सरकारने पदके मिळवणाऱ्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, म्हणजे खोटे आपोआप उघडे पडेल, असेही निकालात सुचवले होते. पुढे २०१३ साली नवा कायदा झाला. पदकाबद्दल खोटे सांगून पैसा किंवा लाभ मिळवणे हा त्यात गुन्हा ठरवला गेला. आपल्याकडेही शौर्यपदके मिळवणाऱ्यांची माहिती संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते.

मग मुलांनो, शंका आली तर काय करावे? पहिली गोष्ट, घाईने आरोप करू नये. एखादे म्हातारे आजोबा जुना कोट घालून १९७१ च्या लढाईच्या गोष्टी सांगतात. त्यांना तारखा नीट आठवत नाहीत, एखादे नाव चुकते. एवढ्यावरून त्यांना खोटे ठरवू नका. वयाने आठवण पुसट होते. खऱ्या सैनिकाला चारचौघांत तोतया म्हणणे हा खोट्या सैनिकाला सलाम करण्याहून मोठा अपराध आहे. आणि कोणी खरोखरच तोतया निघाला, तरी त्याला मारहाण करण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट, कागद पाहावा. सैन्यातून निवृत्त होणाऱ्या जवानाला सेवेचे पुस्तक मिळते. माजी सैनिकाचे ओळखपत्रही असते. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या नोंदी तेथे ठेवतात. गावाला कोणाचा सत्कार करायचा असेल, तर मोठ्या माणसांनी आधी त्या कार्यालयात विचारावे.

तिसरी गोष्ट, पैशाचा विषय निघाला की थांबावे. सैन्यात भरती परीक्षेने आणि शारीरिक चाचणीने होते. त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे द्यावे लागत नाहीत. फोनवर फसवणूक झाली, तर घरच्यांना सांगून १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

तोतयाला ओळखणे हे अर्धेच काम झाले. खऱ्याला ओळखणे हे उरलेले अर्धे काम आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ सालापासून तो पाळला जातो. त्या दिवशी छोटे ध्वज देऊन निधी गोळा करतात. तो माजी सैनिक, जखमी जवान आणि वीरपत्नी यांच्या कल्याणासाठी वापरतात. तुमच्या शाळेतही तो डबा येत असेल. त्यात एक रुपया टाकताना तो कोणासाठी आहे, हे आठवा.

आणि तुमच्या गावात, मोहल्ल्यात कोणी सैन्यात होते का, याचा शोध घ्या. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथील घराघरांतून तरुण सैन्यात जातात, म्हणून लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. प्रत्येक गाव असे नसेल. पण एखाद्या घरात भिंतीवर वर्दीतला जुना फोटो असतो. पेटीत पदक असते. ते कशाबद्दल मिळाले, हे नातवंडांनाही ठाऊक नसते. ते विचारा, लिहून ठेवा आणि कागदाशी पडताळून पाहा. नावाचे स्पेलिंग, हुद्दा, पलटण, तारीख सारे बरोबर लिहा. प्राण देणारा आपल्या मरणाने साक्ष देऊन गेला. आता बोलायला तो नाही. त्याच्या वतीने बोलणारे आपण आहोत. आपली गवाही खरी असली पाहिजे.

शब्दार्थ

साक्ष – गवाही. मरणोत्तर – मृत्यूनंतर. तोतया – दुसऱ्याचे रूप घेऊन फसवणारा. मानपत्र – गौरवाचा लेख. राजपत्र – सरकारी घोषणा छापण्याचे पत्र. निकामी करणे – काम न देईल असे करणे. दस्ता – बंदुकीची मूठ. देहान्ताची शिक्षा – मृत्युदंड. अतिशयोक्ती – वाढवून सांगणे. किताब – पदवी (उर्दूत 'खिताब', उर्दू 'किताब' म्हणजे पुस्तक, हा फरक लक्षात ठेवा).

वाक्प्रचार

कामी येणे – युद्धात मरण पावणे. चाल करून येणे – हल्ला करणे. उघडे पडणे – खोटेपणा कळून येणे. लोळवणे – मारून खाली पाडणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शहादत' या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(आ) परमवीर चक्राचे चित्र कोणी काढले?
(इ) अब्दुल हमीद यांचे पदक कोणी स्वीकारले?
(ई) यशवंत घाडगे यांचे नाव कोठील स्मारकावर आहे?
(उ) सशस्त्र सेना ध्वजदिन केव्हा असतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) समुद्रात मेलेल्या खलाशांची नावे भिंतीवर लिहावी लागतात.
(आ) शाळेच्या नाटकात जवानाची वर्दी घालणे गुन्हा नाही.
(इ) शंका आली तरी घाईने आरोप करू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
तोतया सैनिकामुळे खऱ्या सैनिकाचे कोणते नुकसान होते?

प्र. ४. पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा.
कामी येणे, उघडे पडणे.

प्र. ५. पुढील मराठी शब्दांसाठी उर्दू शब्द सांगा.
साक्षीदार, मान, संशय, न्यायालय.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एका माजी सैनिकाची भेट घ्या. त्यांचे नाव, हुद्दा, पलटण आणि सेवेची वर्षे विचारून वहीत लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा आणि चूक असल्यास दुरुस्त करा.